जवसाची चटणी पुरते, की बांगडाच खायला हवा?

रानवेल
वडिलांचं ट्रायग्लिसराइड (रक्तातली चरबी) वाढलेलं निघालं आणि शेजाऱ्यांच्या सांगण्यावरून घरात माशाच्या तेलाच्या गोळ्यांची बाटली आली. आम्ही वऱ्हाडातले, पिढ्यान्‌पिढ्या जवस खाणारे. आजी जवस तव्यावर भाजायची, तडतड मंदावली की लगेच उतरवायची आणि लसूण, लाल मिरची, जिरं, मीठ घालून खलबत्त्यात कुटायची. भाकरी, चटणी, वर कच्च्या जवस तेलाची धार. एक मोठा चमचा जवसाचं कूट म्हणजे साधारण 7 ग्रॅम. त्यात 1.6 ग्रॅमच्या आसपास ओमेगा-3, म्हणजे शरीराला आहारातूनच मिळावं लागणारं एक स्निग्धाम्ल असतं, मोठ्या माणसाची दिवसाची गरज तेवढीच. उलट 2018 साली अमेरिकेतल्या ‘व्हायटल’ चाचणीचे निकाल आले. 25,871 लोक, रोज माशाच्या तेलातल्या ओमेगा-3 ची 1 ग्रॅमची गोळी, पाचेक वर्षं. हार्ट अटॅक, पक्षाघात आणि हृदयविकाराने होणारे मृत्यू मिळून पाहिले तर ठळक फरक नाही. माझं स्पष्ट मत आहे, या गोळ्यांवरचा पैसा वाया जातो.

किनारा
चटणीबद्दल वाद नाही, हिशोबाबद्दल आहे. जवसात असतं ते एएलए, म्हणजे वनस्पतींतलं ओमेगा-3. मेंदूला आणि डोळ्याच्या पडद्याला लागतं ते डीएचए. डीएचए आणि ईपीए हे माशांतले ओमेगा-3 चे प्रकार. एएलएपासून शरीर ईपीए बनवतं ते शेकडा पाच-सात, डीएचए तर एखादा टक्कासुद्धा मुश्किलीने. बांगड्यात आणि तारलीत दोन्ही आयतं मिळतं. लोक पापलेटसाठी खिसा रिकामा करतात आणि तारलीला गरिबाचा मासा म्हणून नाक मुरडतात, याचं मला खरंच वाईट वाटतं. फक्त मासा तेलात बुडवून तळू नका. तिरफळ घालून बांगड्याचं तिखलं करा.

रानवेल
आणि ज्यांच्या घरात मासा शिजतच नाही त्यांनी काय करायचं? त्यांची मुलं काय बुद्धीने कमी निघाली?

किनारा
तसं मी म्हटलेलं नाही. पण ‘जवस म्हणजेच मासा’ असं सांगणं चूक आहे, एवढंच.

सातपुडा
मूळ दोष सूर्यफूल तेलाचा आहे. त्यात ओमेगा-6 (ओमेगा-3 सारखंच दुसरं स्निग्धाम्ल) भरमसाट आणि ओमेगा-3 जवळजवळ शून्य. त्यानेच अंगात दाह वाढतो. ते बंद करा, गोळ्याही नकोत आणि वादही नको.

निशिगंध
मी औषधशास्त्र शिकवते, म्हणून दोन गोष्टी बोलते. सातपुडा, ओमेगा-6 खाल्ल्याने रक्तातल्या दाहाच्या खुणा वाढतात असं माणसांवरच्या चाचण्यांत दिसलेलं नाही. तूप-डालड्याच्या जागी ते आलं तर एलडीएल (वाईट कोलेस्टेरॉल) उतरतं. ओमेगा-3 वाढवा, ओमेगा-6 ला घाबरू नका.

रानवेल, व्हायटलमधल्या लोकांना आधीचा हृदयविकार नव्हता. तुमच्या वडिलांचा प्रश्न ट्रायग्लिसराइडचा आहे, तिथे ईपीए-डीएचए मिळून 2 ते 4 ग्रॅम रोज घेतलं तर आकडा खरोखर उतरतो. ते औषध आहे, डॉक्टरांनी लिहून द्यायचं. जास्त मात्रेत हृदयाचे ठोके अनियमित होण्याचा धोका वाढतो. रक्त पातळ करणारी गोळी चालू असेल तर आधी विचारायचंच. आणि बाटलीची मागची बाजू वाचा.

रानवेल
वाचली. पुढे मोठ्या अक्षरांत 1000 मिलिग्रॅम. मागे बारीक अक्षरांत ईपीए 180, डीएचए 120. म्हणजे गोळीत कामाचं 300च?

निशिगंध
हो. बाजारातल्या बहुतेक साध्या गोळ्या अशाच असतात. 1000 हे तेलाचं वजन, ओमेगा-3 चं नव्हे.

ओलेतीमाती
मला सातवा महिना आहे, आम्ही शाकाहारी. इथलं वाचून धास्तावले.

किनारा
घाबरू नका, ताई. मासा तरी डीएचए कुठून आणतो? समुद्रातल्या सूक्ष्म शैवालांतून. त्याच शैवालांपासून काढलेलं तेल मिळतं, ते पूर्ण शाकाहारी असतं.

निशिगंध
कॉक्रेन ही वैद्यकीय संशोधनाचे आढावे घेणारी संस्था. तिच्या 2018 च्या आढाव्यात 70 चाचण्या एकत्र तपासल्या होत्या. गरोदरपणी ओमेगा-3 घेणाऱ्यांत 34 आठवड्यांच्या आत बाळंत होण्याचं प्रमाण 4.6 वरून 2.7 टक्क्यांवर आलेलं दिसलं. तुमच्या डॉक्टरीणबाईंना शैवालाच्या डीएचएबद्दल विचारा.

रानवेल
बाटली घेऊन उद्या बाबांना डॉक्टरांकडे नेते. एक हट्ट मात्र सोडणार नाही, जवस. पण अख्खं गिळू नका कुणी, ते तसंच बाहेर पडतं. कूट करा, तेही आठवड्यापुरतंच, नाहीतर खवट होतं.

किनारा
हे मान्य. आमच्याकडे जून-जुलैत मासेमारी बंद असते, मग श्रावण. चटणीची कृती नीट मापासकट टाका.