हातात दुसरं काही नसताना नोकरी सोडली, आता इंटरव्ह्यूत काय सांगू? (क्यूसी म्हणजे क्वालिटी कंट्रोल, लोटे/महाड)

नमस्कार मंडळी, जरा सल्ला हवाय. मी खेड तालुक्यातला, एमएस्सी ऑरगॅनिक, लोटे एमआयडीसीत एका कंपनीत क्यूसीला होतो, एचपीएलसीवर (सॅम्पलमधले घटक मोजायचं मशीन). कंपनीचं नाव नको. आंब्याच्या तोंडावर राजीनामा टाकला, दुसरी ऑफर हातात नव्हती. कारण एकच, रिलिव्हर (पुढच्या शिफ्टचा माणूस) यायचाच नाही, मग सेकंड शिफ्ट करून थर्डला पण थांबा, आणि सकाळी जनरलवाले साहेब आले की पहिला प्रश्न, बॅचचा रिझल्ट अजून का नाही. नोटीस पिरियड पूर्ण भरला, रिलिव्हिंग लेटर मिळालंय, फुल अँड फायनल (शेवटचा हिशोब) मात्र "अकाउंट्सला विचारून सांगतो" वरच अडकलंय.

म्हटलं घरची कलमं आहेत, बाबांना काढणीला हात लावू नि मग निवांत शोधू. आंबा संपला, लावणी पण झाली, आता वाडीत जो भेटतो तो विचारतो, काय रे, रजेवर काय? गणपतीत चाकरमानी आले की बघायलाच नको.

कॉल येतात, पण एचआर पहिलंच विचारतात का सोडली. खरं सांगितलं तर हा शिफ्टला कुरकुर करणारा वाटतो, घरगुती कारण सांगितलं तर तोंडावरच कळतं. शिवाय तळोज्याला एका एजन्सीकडून कॉन्ट्रॅक्टवर बोलावणं आलंय, पगार आधीपेक्षा कमी. ते घेऊ की महाडला काही मिळतंय का याची वाट बघू? आणि पीएफ काढावा का? माझी पाच वर्षं भरली नव्हती.

प्रतिसाद १
पीएफला हात लावू नकोस. पाच वर्षांच्या आत काढलास आणि रक्कम 50,000 किंवा जास्त असेल तर टीडीएस कापतात. नवीन कंपनीत त्याच यूएएनवर (पीएफचा कायमचा नंबर) ट्रान्सफर केलास तर मागची सर्व्हिस पण धरली जाते. आणि पीएफच्या पोर्टलवर जाऊन बघ, जुन्या कंपनीने डेट ऑफ एग्झिट (नोकरी सोडल्याची तारीख) टाकलीये का. नसेल टाकली तर शेवटचं कॉन्ट्रिब्युशन जमा झाल्यावर दोन महिन्यांनी आपली आपल्याला टाकता येते, त्यासाठी कोणाच्या पाया पडायला नको.

प्रतिसाद २
मी महाडला क्यूसीत आहे, इंटरव्ह्यूला बसतो पण. खरं सांगायचं तर का सोडली यावर आमचा एचआर दोन मिनिटं घालवतो, उरलेला वेळ आम्ही मशीनवर घालवतो. "सलग डबल शिफ्ट होत होत्या, नोटीस भरून निघालो, शिफ्टला ना नाही" एवढंच बोल आणि थांब, पुढे जुन्या साहेबाचं रडगाणं नको. पोरं खरी अडकतात ती ओओएसला (आउट ऑफ स्पेसिफिकेशन). रिझल्ट लिमिटच्या बाहेर आला तर काय करशील विचारलं की दहातली बरीच जण म्हणतात, सर परत इंजेक्ट करीन, म्हणजे सॅम्पल मशीनवर पुन्हा चालवीन. संपला विषय! आधी सुपरवायझरला कळवायचं, सॅम्पल सोल्युशन नि स्टँडर्ड फेकायचं नाही, वजन, डायल्युशन, कॉलम, इंटिग्रेशन सगळं तपासायचं, आणि इन्व्हेस्टिगेशनमध्ये ठरलं तरच री-इंजेक्शन. सिस्टिम सुटेबिलिटी (मशीन त्या टेस्टला नीट चालतंय का ते तपासणं) पण बघून जा, त्यातलं टेलिंग (पीकची शेपटी) नि प्लेट काउंट (कॉलम किती नीट वेगळं करतो) हमखास विचारतात.
कॉन्ट्रॅक्टचं म्हणशील तर एजन्सीला आधी विचार की पीएफ कोण भरणार आणि एक्स्पिरियन्स लेटर कोणाच्या लेटरहेडवर मिळणार. तोंडी सांगत असतील तर जाऊ नकोस. तळोज्याला खोलीचं भाडं पण त्याच पगारातून जाणार, तो हिशोब कर.

धागाकर्ता
दादा, ओओएसचं एकदम बरोबर पकडलंत, मागच्या इंटरव्ह्यूला मी पण तेच उत्तर ठोकलं होतं 😅 आज पोर्टल बघितलं, डेट ऑफ एग्झिट रिकामीच आहे. तळोजावाल्यांना मेलवर विचारतो, फोनवर नको. अजून एक, महाडला मिळालंच तर खेडहून रोज जाऊन येऊन करणारं कोणी आहे का? कशेडीचा बोगदा झाल्यापासून घाट वाचतो खरा, पण थर्ड शिफ्टला कंपनीची बस खेडपर्यंत येते का पोलादपूरलाच सोडते?