पाच पायांची गाय दारात आली की तुम्ही पैसे देता का?

बाभुळबन

आमच्या कॉलनीत वर्षातून एकदा तरी पाच पायांची गाय येते, तुमच्याकडेही येत असेलच. कवड्या लावलेली झूल, शिंगांना गोंडे, कपाळभर हळदकुंकू आणि वशिंडाच्या बाजूने लोंबणारा तो बारका, वाळका पाय. बायका पायांवर पाणी घालतात, सुपातून गहू देतात, त्या लोंबत्या पायाला हात लावून तोच हात पोरांच्या डोक्यावरून फिरवतात. या खेपेला ऐन मे महिन्याच्या दुपारी आली, डांबरी रस्ता नुसता तापलेला. मी जवळ जाऊन बघितलं तर जास्तीचा पाय जिथून निघतो तिथं झूल घासून घासून कातडी सोलवटलेली आणि त्यावर माश्या बसलेल्या. तेवढ्या जागेला कोणी हात लावत नव्हतं, बाकी पायाला मात्र रांग लागलेली.

माझं स्पष्ट मत आहे की पैसे देऊ नयेत. जन्मतः व्यंग घेऊन आलेल्या जनावराला आपण एकतर देव करतो नाहीतर अपशकुन, आणि दोन्हीकडे त्याच्या दुखण्याकडे कुणी बघत नाही. दोन डोक्यांच्या वासराचे व्हिडिओ तर दर दोनचार महिन्यांनी फिरतात. वासराला मान उचलवत नाही, धाप लागलेली, आणि वर हार-फुलं-नाणी. खाली कमेंटमध्ये 'जय हो' आणि 'कलियुग आलं' एवढंच. आपण पैसे दिले, व्हिडिओ पुढे पाठवला, की आपणही त्यात आलोच. तुम्हाला काय वाटतं?

गावपांढर

असहमत. तुमचा राग समजतो पण तो चुकीच्या माणसावर निघतोय असं मला वाटतं.

पहिलं म्हणजे ती गाय आहे म्हणून त्या कुटुंबाची चूल पेटते आणि म्हणूनच ती गाय जिवंत आहे. असलं वासरू साध्या शेतकऱ्याच्या गोठ्यात जन्मलं तर त्याचं काय होतं ते विचारा एकदा. बाजारात त्याला गिऱ्हाईक नाही, आणि पाय वाकडे-तिकडे असले तर औताला धरायचा प्रश्नच येत नाही. पाठीवर पाय असलेलं वासरू मात्र कोणीतरी येऊन घेऊन जातं, वाढवतं, त्याला पाणी पाजल्याशिवाय स्वतः जेवत नाही. माझ्या आजोळी ही माणसं मुक्कामाला असायची, पाऊस आला की पालात आधी गाय आत घ्यायचे आणि पोरं बाहेर गोणपाट पांघरून बसायची, हे मी डोळ्यांनी बघितलंय.

दुसरं, भटक्या लोकांच्या पोटावर शहाण्यासुरत्या लोकांनी पाय द्यायचा हे काही नवीन नाही. अस्वलवाले गेले, गारुडी गेले, माकडवाले गेले. कायदा झाला ते बरोबरच झालं असेल, पण त्या माणसांचं पुढे काय झालं हे किती जणांनी विचारलं? आता पाच पायांची गाय राहिलीय. आणि ज्या दूध संघाच्या पिशवीतलं दूध आपण रोज पितो त्यातल्या गायी काय आयुष्य जगतात हे बघायला आपण कधी जातो का.

मृगधारा

गावपांढर, पोटाचा मुद्दा मान्य, पण म्हणून जनावराच्या जखमेवर झूल घालायची? दोन्ही गोष्टी एकाच वेळी खऱ्या असू शकतात ना.

आणि मी तर असं ऐकलंय की हे पाय खोटे असतात, दुसऱ्या वासराचा पाय कापून शिवतात. तसं असेल तर सरळ पोलिसात द्यायला पाहिजे.

गोठ्यातला डॉक्टर

मी जनावरांचा डॉक्टर आहे, सरकारी नोकरीत बरीच वर्षं खेडोपाडी काढली, म्हणून थोडं सविस्तर लिहितो.

शिवलेल्या पायाची गोष्ट मीही लहानपणापासून ऐकतोय. पण विचार करा, माणसाला सख्ख्या भावाची किडनी बसवली तरी जन्मभर गोळ्या खाव्या लागतात. दुसऱ्या वासराचा अख्खा पाय गोठ्यात शिवला तर शरीर तो नाकारणार, तो काळा पडून सडणार, वर्षानुवर्षं लोंबत राहणार नाही. कोणी असा प्रयत्न केला तर तो गुन्हाच आहे आणि जनावर त्यात मरू शकतं. पण वर्षानुवर्षं दारोदार फिरणाऱ्या मोठ्या गायीचा पाय बहुतेक खराच असतो. जास्तीच्या अवयवाला आम्ही पॉलिमेलिया म्हणतो, आणि तो पाय पाठीला असेल तर नोटोमेलिया. गर्भ अगदी सुरुवातीच्या अवस्थेत असताना पायाचा कोंब दुसऱ्यांदा फुटतो, किंवा जुळ्यातलं एक पूर्ण वाढत नाही आणि त्याचा तुकडा दुसऱ्याच्या अंगाला चिकटून राहतो. त्या पायात हाड असतं, खूर असतो, पण स्नायू आणि नसा नीट नसतात, म्हणून तो हलत नाही, नुसता लोंबतो. वासरू लहान असताना तो काढताही येतो, बऱ्याचदा आत पाठीच्या कण्याशी घट्ट सांधा नसतो, कातडी आणि तंतूंवरच लटकलेला असतो. आपल्याकडच्या पशुवैद्यकीय कॉलेजांत अशी ऑपरेशनं होतात. पाय काढला की ती साधी गाय, आरामात जगते, वेतंही देते.

आता कळीचा मुद्दा इथे आहे. पाय काढला की तिची 'किंमत' जाते, म्हणून काढत नाहीत. जी जखम बाभुळबन यांनी पाहिली ती त्यामुळे आहे. लोंबता पाय चालताना हेलकावे खातो, मुळाशी ओढ बसते, घाम साठतो, माशी बसते, अळ्या पडतात. रोज धुऊन मलम लावलं आणि झूल तेवढ्या जागी कापली तरी निम्मा त्रास कमी होईल.

दोन डोक्यांच्या वासराची गोष्ट वेगळी. ते बहुतेकदा काही तासांत किंवा दिवसांत जातं. डोक्याच्या वजनाने उभं राहता येत नाही, टाळू फाटलेली असते, त्यामुळे पाजलेला चीक श्वासनलिकेत जातो. लोक 'बघा दोन्ही तोंडांनी दूध पितंय' म्हणून बाटली लावतात आणि न्यूमोनियाने ते मरतं.

कोरडवाहू

डॉक्टरांनी लिहिलं ते मी भोगलंय म्हणून लिहितो.

आमची जर्सी क्रॉस गाय रात्रीची अडली. डॉक्टर यायला पहाट झाली, ओढून काढलं तर दोन तोंडं, मधे एक डोळा सामायिक. जिवंत होतं. सकाळी आठ वाजेपर्यंत अर्धा गाव अंगणात, कोणी नारळ आणला, कोणी अगरबत्ती, शेजारच्या गावातला एकजण तर म्हणाला मी पंधरा हजार देतो, मंदिरापाशी ठेवू. आमच्या चुलत्यांनी उलटं सांगितलं की हे घरात ठेवायचं नाही, यंदा घरावर काहीतरी येणार. दोन्ही बाजूंचे लोक माझ्याशी भांडत होते आणि गायीकडे कोणी बघत नव्हतं. तिची वार अडकलेली. कोपऱ्यात उभी राहून कण्हत होती, माझ्या बायकोच्या लक्षात आलं. चार वाजता वासरू गेलं, गर्दी पांगली, आणि त्यानंतर त्या गायीला ताप भरला तो आठवडाभर उतरला नाही. दूध तुटलं ते तुटलंच.

चुलते अजून म्हणतात मी ऐकलं नाही म्हणून त्या वर्षी सोयाबीन गेलं. सोयाबीन तर पूर्ण तालुक्याचं गेलं होतं.

माझं म्हणणं एवढंच की असं काही झालं तर फाटक लावून घ्या. गर्दी श्रद्धेची असो की भीतीची, जनावराला दोन्हीचा सारखाच त्रास.

आंबेमोहोर

कोरडवाहू दादा, वाचून वाईट वाटलं. पण मला एक खरं सांगा, हे प्रकार हल्ली वाढलेत की नाही? आमच्या लहानपणी देशी गायी होत्या तेव्हा असलं काही ऐकलं नव्हतं. आता विलायती कांड्या (गाय गाभण करायला वापरतात त्या वळूच्या वीर्याच्या नळ्या), फवारण्या, इंजेक्शनं. हा निसर्गावर केलेल्या अत्याचाराचा परिणाम आहे असं माझं ठाम मत आहे, आणि त्याला 'दुर्मिळ योगायोग' म्हणून डॉक्टर लोक मोकळे होतात.

गोठ्यातला डॉक्टर

आंबेमोहोर, तुमच्या शंकेत थोडं तथ्य आहे आणि बरंचसं नाही.

दोन डोकी किंवा पाठीवर पाय हे देशी गायींतही होतं, म्हशींतही, शेळ्यांतही. आधी मोबाईल नव्हता, मेलेलं वासरू रात्रीच पुरलं जायचं, कोणाला कळायचं नाही. हा प्रकार बहुधा आनुवंशिक नसतोच, त्यात गायीचा दोष नाही आणि कांडीचाही नाही.

पण काही व्यंगं खरंच वळूकडून येतात. कार्लिन-एम आयव्हनहो बेल नावाचा होल्स्टीन या दुधाळ जातीचा अमेरिकन वळू होता, त्याच्या मुली दूध भरपूर द्यायच्या म्हणून त्याचं वीर्य जगभर वापरलं गेलं. पुढे २००० च्या सुमारास डेन्मार्कमध्ये लक्षात आलं की आखूड मानेची, वाकड्या पायांची मेलेली वासरं जन्मतायत आणि त्यांच्या दोन्ही बाजूंच्या वंशावळीत हाच वळू आहे. आई-बाप दोघांकडून दोष आला तरच वासरू तसं होतं, एकाकडून आला तर जनावर वरून ठणठणीत दिसतं, म्हणून इतकी वर्षं कळलं नाही. आता आपल्याकडेही वीर्य केंद्रांत होल्स्टीन आणि संकरित वळू घेताना काही ठराविक आनुवंशिक रोगांच्या तपासण्या कराव्या लागतात.

चारा आणि विषाणूही कारण असतं. अमेरिकेत आयडाहोमध्ये १९५० च्या दशकात मेंढपाळांच्या कळपात कपाळावर एकच डोळा असलेली कोकरं जन्मायला लागली. शास्त्रज्ञ मेंढ्यांच्या मागे डोंगरात राहिले तेव्हा सापडलं की मेंढ्या दुष्काळात उंचावरची एक रानटी वनस्पती खातात, आणि गाभण राहिल्यावर बरोबर चौदाव्या दिवसाच्या आसपास ती खाल्ली तर कोकरू तसं होतं. त्या दिवसांत मेंढ्या वर नेल्या नाहीत की प्रश्न मिटला. त्या वनस्पतीतल्या द्रव्याचं नाव सायक्लोपामिन, आणि त्याच्या अभ्यासातून जी वाट उघडली त्यातून त्वचेच्या एका कॅन्सरवरचं औषध २०१२ साली बाजारात आलं. युरोपात २०११ मध्ये श्मालेनबर्ग विषाणू सापडला, बारक्या चावऱ्या माश्यांमधून पसरणारा, त्यानेही वाकड्या पायांची कोकरं जन्मली.

आणि एकडोळ्या पिल्लाचं नाक डोळ्याच्या वर सोंडेसारखं येतं. आपल्याकडे असं डुकराचं किंवा शेळीचं पिल्लू जन्मलं की गणपती म्हणून गर्दी जमते ते यामुळे. तिथं पूजा केली तर कारण शोधायला कोणी येतच नाही, हे मला सगळ्यात जास्त खटकतं. पुढच्या वर्षी त्याच कळपात परत तेच होऊ शकतं.

गावपांढर

डॉक्टर, माहिती उत्तम, आभार. पण मग उपाय काय, मारून टाकायचं? तेच म्हणायचंय ना शेवटी सगळ्यांना, फक्त कोणी लिहीत नाही.

अमेरिकेत दोन तोंडांचं एक मांजर होतं, फ्रँक अँड लुई. जन्मल्याबरोबर मालकाने मारायला दवाखान्यात आणलेलं, तिथल्या बाईंनी घरी नेलं आणि ते १५ वर्षं जगलं, गिनीजमध्ये नोंद झाली. डॉक्टर लोकांनी त्याच्याही जगण्याची आशा धरली नव्हती. म्हणून 'हे जगणार नाही, सुटका करा' असं चटकन म्हणणाऱ्यांची मला भीती वाटते. आज वासराला म्हणतायत.

मृगधारा

शेवटचं वाक्य अर्धवट सोडलंत पण कळलं. मी स्वतः दिव्यांग मुलाची आई आहे आणि मला ही तुलना अजिबात आवडली नाही. माझ्या मुलाला मी विचारू शकते दुखतंय का, तो सांगू शकतो, त्याच्यासाठी डॉक्टर आहेत, शाळा आहे, मी आहे. ज्या वासराला श्वास घेता येत नाही आणि ज्याच्यावर लोक नाणी टाकतायत त्याचा आणि माझ्या मुलाचा प्रश्न एक नाही. उलट माझ्या मुलाला कोणी 'देवाचं लेकरू' म्हणून पाया पडायला लागलं की मला तेवढाच राग येतो जेवढा कोणी 'मागच्या जन्मीचं पाप' म्हणाल्यावर येतो. दोघांनाही तो दिसतच नसतो.

गावपांढर

मृगधारा ताई, तुम्हाला दुखावायचं नव्हतं, ते वाक्य मागे घेतो. बाकी म्हणणं कायम आहे. मांजर जगलं ही वस्तुस्थिती आहे.

बाभुळबन

मांजर जगलं कारण एक माणूस त्याला घरात घेऊन रोज सांभाळत होता, रस्त्यावर फिरवत नव्हता. हेच तर मी म्हणतोय! व्यंगाचं जनावर जगूच नये असं मी कुठे लिहिलंय? जगवा, पण ते दाखवून पैसे मिळवायचे म्हणून त्याचं दुखणं तसंच ठेवू नका.

कायद्याचं कोणी सांगेल का? यात तक्रार करता येते का?

दस्तऐवज

वकिली करतो म्हणून सांगतो. प्राण्यांना क्रूरतेने वागवण्यास प्रतिबंध करणारा कायदा १९६० चा आहे. त्यातली खेळ करणाऱ्या प्राण्यांची नोंदणी तिकीट लावून केलेल्या प्रदर्शनापुरती आहे, त्यामुळे दारोदार फिरणारी गाय त्यात बसत नाही. कलम ११ मात्र लागू शकतं. जखम असलेल्या, आजारी जनावराला राबवणं हा त्याखाली गुन्हा आहे आणि पाय शिवणं-कापणं असले प्रकारही त्यातच येतात. पण पहिल्या गुन्ह्याला दंड किती, तर दहा ते पन्नास रुपये. एका गल्लीत त्याहून जास्त जमतात. त्यामुळे तक्रार करून फार काही होईल अशी आशा ठेवू नका, तो दंड वाढवला पाहिजे हे मात्र खरं.

जगण्यापलीकडे हाल असलेल्या जनावराला शांतपणे मरण देण्याची तरतूदही याच कायद्यात कलम १३ मध्ये आहे, पशुवैद्याचा दाखला आणि अधिकाऱ्याचा आदेश लागतो.

गावपांढर

मी सूपभर दाणे देणं बंद करणार नाही, आधीच सांगतो. पण आता दारात आली तर झूल वर करून बघेन, जखम असेल तर हळद-तेल नाही, दवाखान्यातलं मलम देईन आणि त्या माणसाला तालुक्याच्या दवाखान्याचा रस्ता सांगेन. पैसे बंद केले तर तो पुढच्या गल्लीत जाईल, गायीची जखम तशीच राहील.

बाभुळबन

आणि तुम्ही दाणे देत राहिलात तर तो माणूस गायीचा पाय कधीच काढणार नाही. इथे आपलं जमणार नाही बहुतेक. मी त्याला म्हणेन, ऑपरेशन करून घे, मी वर्गणी काढतो.

कोरडवाहू

डॉक्टर, एक विचारायचं राहिलं. ती गाय आता परत गाभण करायची आहे. तीच कांडी वापरली तर चालेल का? बायको नको म्हणते.

गोठ्यातला डॉक्टर

दोन डोक्यांच्या वासरासाठी कांडी बदलायची गरज नाही, पण वहिनींचं समाधान होत असेल तर दुसऱ्या वळूची घ्या, बिघडत काहीच नाही. कांडीवर वळूचा नंबर छापलेला असतो, तो वहीत लिहून ठेवा. गायीच्या कानात पिवळा बिल्ला असेल तर त्याच्या १२ अंकी नंबरावर रेतनाची नोंद करायला सांगा आणि वासरू कसं झालं तेही सांगा, लपवू नका. त्याआधी तिची गर्भपिशवी तपासून घ्या, वार अडकून ताप आलेला, आत पू राहिला असेल तर ती गाभणच राहणार नाही. माजाच्या दिवशी सोट (मायांगातून येणारा चिकट स्राव) स्वच्छ काचेसारखा आहे का बघा, गढूळ असेल तर रेतन करू नका, आधी उपचार.