मानसशास्त्रातला सिद्धांत हरायला तयार असतो का?

कृष्णाकाठ, सांगली
इकडचे एम.ए. मानसशास्त्राचे प्रकल्प चाळले की तेच दिसतं. एक प्रश्नावली, आपल्याच कॉलेजातली मुलं, 'लक्षणीय सहसंबंध आढळला' (म्हणजे निव्वळ योगायोगाचा वाटत नाही असा) आणि सिद्धांताला पुष्टी. कोणता निकाल आला तर सिद्धांत सोडू, हे आधी लिहून ठेवलं नसेल तर त्याला चाचणी का म्हणायचं? अमेरिकन मानसशास्त्रज्ञ पॉल मील यांनी 1967 मध्येच बजावलं होतं: माणसांच्या बाबतीत कशाचाही कशाशी थोडाफार संबंध निघतोच, म्हणून 'काहीतरी फरक पडेल' एवढंच सांगणारा सिद्धांत अभ्यासातली माणसं वाढवली की आपोआप पास होतो. फळं समोर आहेत. 100 अभ्यास पुन्हा करून पाहिले, त्याचे निकाल 2015 मध्ये आले. मूळच्या 97 टक्क्यांत परिणाम लक्षणीय होता, पुन्हा केल्यावर 36 टक्क्यांत. इच्छाशक्ती वापरून संपते हा 1998 पासून गाजलेला सिद्धांत 2016 मध्ये 23 प्रयोगशाळांनी तपासला, परिणाम जवळपास शून्य.

मिरजकरीण
दादा, दुखणं खरं आहे, पण ते चाचणीच्या आधी सुरू होतं. आपण माणूस नीट पाहतच नाही. गळीत हंगामात मी ऊसतोड मजुरांच्या मुलांना शिकवते. चिक्की वाटली की एक सात वर्षांची मुलगी फ्रॉकच्या घेरात गुंडाळून ठेवते, कोपीवरच्या, म्हणजे मजुरांच्या झोपडीतल्या, धाकट्या भावासाठी. समोरची मिठाई लगेच न खाता थांबलं तर दुसरी मिळते, त्या मार्शमेलोच्या चाचणीत तिला पैकीच्या पैकी मिळतील, पण ती स्वतःच्या दुसऱ्या तुकड्यासाठी थांबलेलीच नसते. शेजारचा पोरगा लगेच खातो, कारण 'नंतर देतो' म्हणणाऱ्यांचा त्याला अनुभव आहे. हे कुठल्या प्रश्नावलीत येतं?

कृष्णाकाठ, सांगली
ताई, त्या पोराचं तुम्ही जे सांगताय तेच 2013 मध्ये अमेरिकेत तपासलं गेलं. काही मुलांना आधी चांगले रंग आणून देतो म्हणून फसवलं, काहींना दिलेला शब्द पाळला. मग मार्शमेलो समोर ठेवला तेव्हा फसवलेली मुलं सरासरी 3 मिनिटं थांबली, बाकीची 12. संयम कमी की विश्वास कमी, दोन्ही सिद्धांतांना समोरासमोर आणलं म्हणून हे कळलं. नुसतं पाहून कळलं नसतं.

अजिंक्यतारा, सातारा
त्या प्रयोगात मुलं 28 होती, हेही सांगा. आणि स्मरणशक्तीचा अभ्यास करणारा जर्मन मानसशास्त्रज्ञ एबिंगहाउस? 1885 मध्ये निरर्थक अक्षरं पाठ करून स्वतःचंच विसरणं मोजत बसला. सिद्धांत पणाला वगैरे काही लावला नव्हता. त्याचा आलेख 2015 मध्ये पुन्हा तसाच निघाला. चिकाटीने केलेलं वर्णन टिकतं, घाईतले सिद्धांत पडतात. मी ताईंच्या बाजूने.

कृष्णाकाठ, सांगली
28 कमीच आहेत, मान्य. पण एबिंगहाउसने आकडे दिले, सूत्र दिलं, म्हणून तर 130 वर्षांनी ते पडताळता आलं. ताई, तुमच्या मुलीबद्दलही आधीच बोला. भावाला त्याचा वाटा तिच्यादेखत दिला, तर ती आपली चिक्की लगेच खाईल का?

मिरजकरीण
खाईल असं मला वाटतं. नाही खाल्ली तर मात्र तुमच्यासारखी मी लगेच माझं म्हणणं मागे घेणार नाही. आधी तिच्या शेजारी बसून विचारेन, का ठेवलीस म्हणून.

कृष्णाकाठ, सांगली
विचारा. पण कोणतं उत्तर आलं तर मागे घ्याल, तेवढं विचारायच्या आधी इथे लिहा.