सरपंचाचा पहिला मुद्दा कोणता हवा: पाणी की हिशेब?

शिवार

आमच्या गावात ग्रामपंचायतीची निवडणूक लागलीय. सोलापूर जिल्हा, वाड्यावस्त्या धरून मध्यम गाव. गावाचं आणि उमेदवाराचं नाव देत नाही, कारण मला प्रचार करायचा नाही, मुद्द्यांच्या क्रमाबद्दल बोलायचंय.

थेट सरपंचपदाला उभ्या असलेल्या एका तरुणानं एका पानाचं पत्रक घरोघर दिलं. त्यात असं लिहिलंय: दर महिन्याला जमाखर्च फलकावर लावणार. ग्रामसभा संध्याकाळी घेणार आणि तिच्या आधी महिला सभा. मग पाणीपुरवठ्याची दुरुस्ती, शाळेच्या रिकाम्या खोलीत अभ्यासिका आणि शेवटी बांधाचे, वाटेचे तंटे मिटवायला गावाची समिती. कमान नाही, सभामंडप नाही, पेव्हर ब्लॉक नाहीत.

पारावर लोक विचारतात, हिशेब काय खायचाय का? मला हा क्रम मनापासून पटतो, आणि त्याचं कारण आमच्या वॉर्डातलं गटार आहे. कागदावर ते मारुतीच्या देवळापासून ओढ्यापर्यंत आहे. प्रत्यक्षात शेवटची चार घरं सोडून थांबलंय, आणि वरच्या सगळ्या आळीचं सांडपाणी त्या चार घरांच्या दारात साचतं. इस्टिमेट किती मीटरचं होतं आणि एमबीत, म्हणजे कामाच्या मोजमाप पुस्तिकेत, किती मीटर चढवलं, हे कळायला माहिती अधिकाराचा अर्ज टाकावा लागला. उत्तर आलं तोवर बिल निघून गेलं होतं. तेच आकडे काम सुरू होताना फलकावर असते, तर त्या चार घरांतल्या माणसांनी मिक्सर तिथेच थांबवला असता. म्हणून म्हणतो, आधी हिशेब.

कोरडवाहू

पूर्ण असहमत. माझ्या गावात जलजीवन मिशनचा नळ दारात आलाय. माणशी रोज 55 लिटर द्यायचं असं योजनेत आहे. नळाला पाणी मात्र आठवड्यातून एकदा येतं, तेही खालच्या आळीला. वरच्या वस्तीवरच्या बाईला फलकावरचा जमाखर्च वाचायला सांगणार का तुम्ही? तिला सरपंच हवा तो टाकी भरणारा.

आणि हिशेब आता ई-ग्रामस्वराज या सरकारी पोर्टलवर कुणालाही दिसतो. मोबाइल उघडा, गाव निवडा, बघा. जे आधीच उघडं आहे ते उघडं करण्याचं आश्वासन देऊन मतं मागायची, हे मला पटत नाही. हिवरे बाजारचं नाव सगळे घेतात. ते गाव बदललं ते पाण्याच्या कामामुळेच ना?

शिवार

कोरडवाहू, पोर्टलवर एकदा तुमचंच गाव काढून बघा. 'गटार बांधकाम, वॉर्ड क्र. 2', पुढे रक्कम. कुणाच्या घरापासून कुणाच्या घरापर्यंत, किती रुंद, किती खोल, हे त्या ओळीवरून कळत नाही, आणि गावाला विचारायचं असतं नेमकं तेच. शिवाय माझी आई पोर्टल उघडणार नाही, पण पिठाच्या गिरणीशेजारी लावलेला फलक वाचेल.

हिवरे बाजारबद्दल म्हणाल, तर तिथे नुसते बंधारे बांधून भागलं नाही. उसासारखी पाणी पिणारी पिकं घ्यायची नाहीत, शेतीसाठी बोअर मारायचं नाही, दरवर्षी पाण्याचा ताळेबंद मांडायचा, हे गावानं एकत्र बसून ठरवलं आणि पाळलं. स्वतःच्या रानात बोअर मारू नको, हे माणूस कुणाचं ऐकेल? ज्याच्यावर विश्वास आहे त्याचंच. तो विश्वास हिशेबाशिवाय कुठून आणायचा?

गावकी

एक मुदत सदस्य होतो, त्या अनुभवावरून लिहितो. तुम्ही दोघंही सरपंचाच्या हातात आहे त्यापेक्षा जास्त धरून चालला आहात. माझ्या वेळी 15व्या वित्त आयोगाचे पैसे यायचे त्यातले 60 टक्के बंधित होते, म्हणजे पिण्याचं पाणी आणि स्वच्छता यांवरच खर्चायचे. उरलेल्या 40 टक्क्यांतून पगार देता येत नव्हते. स्वतःच्या उत्पन्नातले 15 टक्के मागासवर्गीयांसाठी, 10 टक्के महिला-बालकल्याणासाठी आणि 5 टक्के दिव्यांगांसाठी राखायचे. मोठा रस्ता हवा तर आमदाराच्या नाहीतर जिल्हा परिषदेच्या दारात जावं लागतं. पत्रकात लिहिणं सोपं आहे.

खरी मेख वसुलीत आहे, आणि तिच्याबद्दल तुमच्या उमेदवारानं एक शब्द लिहिलेला नाही. घरपट्टी-पाणीपट्टी थकलेली, विहिरीवरच्या मोटारीचं वीजबिल थकलेलं, मग कनेक्शन तोडलं की नळ कोरडे. मतं मागायला आलेला माणूस 'आधी थकबाकी भरा' म्हणत नाही, कारण भाऊबंदच विरोधात जातात. संभाजीनगरजवळच्या पाटोद्यानं यातून वाट काढली. कर भरणाऱ्याला दळण फुकट दळून द्यायला लागले आणि लोक आपणहून कर भरू लागले. असं काही ठोस लिहिलं असतं तर मी त्याला मानलं असतं.

उंबरठा

मी सध्या सदस्य आहे. गावकीदादांचा वसुलीचा मुद्दा बरोबर, पण तुमच्या कुणाच्याही बोलण्यात बायकांचा मुद्दा नीट आलेला नाही.

महाराष्ट्रात पंचायतीत बायकांना 50 टक्के जागा आहेत. आमच्याकडे महिला सभा कशी होते सांगते. शिपाई रजिस्टर घेऊन घरोघरी फिरतो, चुलीपुढून उठून बायका सही करतात, सभा झाली. ठरावात काय लिहिलंय ते सही करणारीला माहीत नसतं. मासिक बैठकीत माझ्या शेजारच्या खुर्चीवर एका ताईंचे मालक बसायचे. मी हरकत घेतली तेव्हा 'वहिनी, कशाला वाकड्यात शिरता' असं मला सांगितलं गेलं.

आता पत्रकाबद्दल. ग्रामसभा संध्याकाळी, हे कुणी ठरवलं? संध्याकाळी धारा काढायच्या असतात, स्वयंपाक असतो, पोरं शाळेतून आलेली असतात. ती वेळ पारावर बसणाऱ्यांच्या सोयीची. दुपारी जेवणं उरकल्यावर घ्या, पेरणी-काढणीचे दिवस आणि आठवडी बाजार टाळा, मग बघा किती बायका येतात. उमेदवारानं चार बायकांना विचारलं असतं तरी हे कळलं असतं.

ग्रामसभेच्या गणपूर्तीचंही बोला. एकूण मतदारांच्या 15 टक्के किंवा 100, यांत जो आकडा कमी असेल तेवढी माणसं लागतात. तेवढी जमत नाहीत म्हणून सभा तहकूब होते, आणि तहकूब सभेला गणपूर्तीची अटच नाही. सगळे महत्त्वाचे ठराव मग त्या दहा-बारा डोक्यांत होतात. हे बंद करीन असं जो लिहून देईल त्याला माझं मत.

वेशीवरचा

एवढं सगळं लिहिलंत, पण निवडणूकच कशाला? बिनविरोध करा. गावात दोन तट पडतात आणि पाच वर्षं एकमेकांच्या लग्नाला लोक जात नाहीत. पैसा वाचेल, मनंही सांधतील. गाव एकोप्यानं राहण्यासाठी हा मुद्दा पत्रकात पहिला हवा होता.

गावकी

बिनविरोध म्हणजे एकोपा, असं नेहमी नसतं. 2021च्या जानेवारीत राज्य निवडणूक आयोगानं नाशिक जिल्ह्यातल्या उमराणे आणि नंदुरबार जिल्ह्यातल्या खोंडामळी इथली निवडणूक प्रक्रिया रद्द केली, कारण पदांचा लिलाव झाल्याचं समोर आलं. देवळाच्या नावानं बोली लागली तरी पद विकलं गेलं, हे खरं. ज्याच्याकडे पैसा नाही त्यानं अर्जच भरायचा नाही, असा त्याचा अर्थ होतो.

उंबरठा

वेशीवरचे दादा, आमच्याकडे एकदा 'बिनविरोध'साठी ज्यांना माघार घ्यायला लावली त्यात दोघी बायका होत्या आणि एक दलित वस्तीतला मुलगा. गावात शांतता होती, कबूल. पण समजून कुणी घ्यायचं हे आधीच ठरलेलं होतं.

तंट्यांच्या समितीबद्दलही माझी तीच भीती आहे. 2007 साली तंटामुक्त गाव मोहीम सुरू झाली तेव्हा बांधाची कितीतरी भांडणं मिटली, ते मी पाहिलंय. पण घरात मार खाणारीला 'गावाचं नाव जाईल' म्हणून परत पाठवलेलंही पाहिलंय. बांध, वाट, पाण्याची पाळी यांपुरतीच समिती ठेवा. बाईवरचा अत्याचार आणि जातीवरून झालेला त्रास थेट पोलिसांत गेला पाहिजे.

शिवार

उंबरठाताई, वेळेचा आणि समितीचा, दोन्ही मुद्दे उद्याच उमेदवाराला सांगतो. तो ऐकणाऱ्यातला आहे. वसुलीचंही लिहायला सांगेन. मत जाईल म्हणून तो ते टाळत असेल, तर ते आत्ताच कळलेलं बरं. हिशेब पहिला, यावर मात्र मी ठाम आहे. थकबाकी मागायला सरपंच दारात गेला की माणूस पहिलं विचारतो, मागच्या पट्टीचं काय केलंत?

कोरडवाहू

वसुलीसाठी हिशेब लागतो, हे मान्य. पण मार्च ते जून टँकरवर काढलेल्या गावानं तुमचा फलक नीट लागेपर्यंत थांबावं, हे मी मान्य करणार नाही. पहिल्या महिन्यात मोटार दुरुस्त करा, वरच्या वस्तीला वेगळा व्हॉल्व्ह बसवा आणि त्या खर्चाचं बिल टाकीवरच चिकटवा. उमेदवाराला विचारा, एवढं लिहून देतो का.