कंपाउंडमध्ये भालाफेक कोणी सुरू केली?

सोसायटी ग्रुप, भांडुप. गुरुवार, १८ सप्टेंबर २०२५

कुलकर्णी काकू (ए-१०३): आज संध्याकाळी माझ्या खिडकीखालच्या गवती चहाच्या कुंडीत सहा फुटी बांबू येऊन रुतला. कुंडीचे दोन तुकडे. मी कोणाचं नाव घेत नाही. ज्यांना कळायचं त्यांना कळलं असेल.

तन्मय (सी-६०२): काकू, टोक आधी टेकलं का? तसं असेल तर नियमाप्रमाणे फेक वैध धरतात.

कुलकर्णी काकू: तन्मय, लहानपणी शाळा सुटली की माझ्याच घरी पडीक असायचास. जास्त बोलू नकोस.

सावंत (बी-५०४): काकू, आमचा ओंकार होता. कुंडी मी आणून देतो. पण ग्रुपवर टाकण्याआधी एक फोन केला असता तर बरं वाटलं असतं 🙏

कुलकर्णी काकू: दोनदा केला. टीव्हीपुढे ऐकू आला नसेल. "अरे परत फाऊल!" हे मात्र मला पहिल्या मजल्यावर स्वच्छ ऐकू येत होतं.

सावंत: ते खरं आहे. टोकियोत जागतिक स्पर्धेची भालाफेकीची फायनल होती. नीरज आठव्या नंबरवर. ८४.०३ मीटर. पाचव्या फेरीत फाऊल आणि बाहेर. २०२१ पासून सलग २६ स्पर्धांत हा माणूस पहिल्या दोनांत होता, आणि आज सहावी फेकसुद्धा मिळाली नाही. आज जेवण जाणार नाही.

भिडे आजोबा (ए-२०४): *फॉरवर्ड केलेला मेसेज:* नीरज चोप्राने टोकियोत इतिहास घडवला!! सुवर्णपदक!! खरा भारतीय असाल तर दहा जणांना पाठवा 🇮🇳

तन्मय: आजोबा, हा फोटो २०२१ च्या ऑलिंपिकचा आहे. ८७.५८ वाला.

भिडे आजोबा: टोकियोच आहे ना?

तन्मय: टोकियोच आहे 😂

परब (सी-२०१): गणपती मंडपाचे बांबू अजून कंपाउंडमध्ये पडून आहेत. विसर्जन ६ तारखेला झालं. आज १८.

पाटील वहिनी (बी-३०२): माझं थोडं वेगळं मत आहे. पुढच्या आठवड्यापासून चाचणी आहे. मुलं चार वाजता शाळेतून येतात, दप्तर टाकतात आणि खाली. ओंकार मोठा, आठवीतला. त्याचं बघून आमची स्वरा आणि बाकी लहान मुलंही फेकाफेकी करतात. कोणाच्या डोळ्याला लागलं म्हणजे?

राणे सर (ए-४०१): वहिनी, डोळ्याचा मुद्दा शंभर टक्के मान्य. खरा भाला ८०० ग्रॅमचा असतो, अडीच मीटरपेक्षा लांब. तो मोकळ्या मैदानातच, आणि फेकणाऱ्याच्या पुढे माणूस नको. आम्ही शाळेत लोखंडी टोक बसवलेला बांबूचाच भाला वापरायचो, पण शिट्टी वाजल्याशिवाय कोणी हलायचं नाही. १९८४ साली पूर्व जर्मनीच्या उवे होनने १०४.८० मीटर फेकला. प्रेक्षकांपर्यंत जाईल अशी भीती वाटायला लागली, म्हणून १९८६ पासून पुरुषांच्या भाल्याचा गुरुत्वमध्यच पुढे सरकवला. लवकर नाक खाली करून पडावा म्हणून. हाच होन पुढे काही काळ नीरजचा कोच होता.

तन्मय: म्हणजे आपल्या गेटवरून फेकला तर थेट समोरच्या डेअरीत.

सावंत: सर, हे सगळं ओंकारच्या शाळेत येऊन सांगा. तिथे मैदानच नाही. पी.टी. गच्चीवर. आणि सप्टेंबर लागला की पी.टी.चा तास गणिताच्या बाईंकडे.

राणे सर: "पोर्शन राहिलाय सर, आजच्या दिवस द्या." नोकरीभर ऐकलं. आणि तो आजचा दिवस मार्चपर्यंत चालायचा.

पाटील वहिनी: गणितातच मार्क कमी पडतात, म्हणून घेतात हो.

सावंत: पण दहावीला खेळाचे सवलतीचे गुण हवे असले की हेच पालक सरांच्या मागे.

पाटील वहिनी: हे मला उद्देशून आहे का?

सावंत: नाही वहिनी, जनरल बोललो.

परब: गणपती मंडपाचे बांबू अजून कंपाउंडमध्ये पडून आहेत. बांबूच नसते तर फेकले काय असते?

कुलकर्णी काकू: नीरजचं लग्न झालं ना जानेवारीत? तेव्हापासून लक्ष नाही हो त्याचं. मी आधीच म्हटलं होतं.

पाटील वहिनी: काकू!!

नेहा शहा (बी-१०१): काकू, लग्नानंतरच मे महिन्यात दोह्याला ९०.२३ टाकला त्याने. आयुष्यात पहिल्यांदा नव्वदच्या पुढे. बायकोला कशाला मध्ये आणता? 😊

सावंत: नेहाताई, तुम्ही अ‍ॅथलेटिक्स बघता?

नेहा शहा: मुलगी बघते. मला फक्त गरब्यासाठी कंपाउंड रिकामं हवं. सोमवारी घट बसतात. सेक्रेटरींना मागच्या आठवड्यात सांगून झालंय.

सावंत: पाठदुखी होती त्याला, स्वतःच म्हणालाय. त्यात पॅरिस ऑलिंपिकला ९२.९७ फेकणारा पाकिस्तानचा नदीम आज दहावा. असा दिवस असतो एखाद्याचा.

तन्मय: तरी पानिपतचा माणूस हरला की मराठी माणसाला जरा जास्तच लागतं.

भिडे आजोबा: 👏👏👏

राणे सर: त्या सचिन यादवबद्दल कोणीच बोलत नाही. पहिलीच जागतिक स्पर्धा, ८६.२७, स्वतःची सर्वोत्तम फेक, चौथा नंबर. कांस्य ८६.६७ ला गेलं. चाळीस सेंटिमीटर! आणि मंगळवारी आपला नाशिक जिल्ह्यातला सर्वेश कुशारे उंच उडीत सहावा, २.२८ मीटर. आपल्या फ्लॅटच्या दाराच्या चौकटीवरून माणूस आरामात पलीकडे जाईल. लहानपणी मक्याच्या भुशाच्या गादीवर उड्या मारायचा. ग्रुपवर एक मेसेज नाही. रविवारी मात्र क्रिकेटचे तीनशे.

कुलकर्णी काकू: माझं माहेर नाशिकचं. मला कोणी सांगितलं नाही हे.

सावंत: मी टाकलं होतं काकू, मंगळवारी. त्याखाली भिडे आजोबांचे कोमट पाण्याचे फायदे आले.

भिडे आजोबा: पाणी महत्त्वाचंच आहे.

देसाई, सेक्रेटरी (सी-३०३): सर्वांना नमस्कार. ऑफिसात मीटिंगमध्ये होतो. सर्व सभासदांना नम्र विनंती की कंपाउंडमध्ये बॉल, बॅट, बांबू अथवा तत्सम वस्तू फेकू नयेत. तसेच विषयाला सोडून चर्चा टाळावी.

तन्मय: *स्टिकर: देसाई काका, एक हात खिशात, दुसऱ्या हातात मेंटेनन्सचं बिल रोखलेलं*

देसाई, सेक्रेटरी: हे काय आहे?

सावंत: पॅरिस ऑलिंपिकचा तो तुर्की नेमबाज हो. युसुफ डिकेच. ना मोठा चष्मा, ना कानावर भलंमोठं काही, एक हात खिशात आणि रौप्य. मुलांना अजून वेड आहे. ओंकार प्रार्थनेला तसाच उभा राहिला म्हणून डायरीत शेरा आला. "प्रार्थनेच्या वेळी खिशात हात घालून बेफिकीर वर्तन." सही मी केली, पण हसू आवरेना.

पाटील वहिनी: हसलात ना, तेच तर. आमची स्वरा आता त्या अमेरिकन धावपटू नोआ लायल्ससारखी हातातून ऊर्जेचा गोळा सोडते, जपानी कार्टूनमधला. पोळी वाढताना सोडते.

सावंत: शंभर मीटरला यंदा तिसराच आला तो, ९.८९. जमैकाचा सेव्हिल जिंकला, ९.७७. स्टँडमध्ये बोल्ट लहान मुलासारखा नाचत होता. पण पॅरिसला लायल्सने काय घासून जिंकलं होतं! सेकंदाचे पाच सहस्रांश… म्हणजे ०.००५ हो. जमैकाच्या थॉम्पसनचा पाय पुढे होता, पण नियमात छाती बघतात, पाय नाही.

पाटील वहिनी: नियमात छाती बघतात? मग २६ जानेवारीला आपल्या सोसायटीच्या शर्यतीत स्वराची छाती पुढे असताना ओंकारला पहिला नंबर कसा दिला? माझ्याकडे व्हिडिओ आहे.

तन्मय: 🍿

सावंत: वहिनी, आठ महिने होत आले.

पाटील वहिनी: हो, पण आजच तुम्ही नियम सांगितलात.

राणे सर: त्या शर्यतीचा पंच मी होतो. रेषा खडूची, ती मांडववाल्याच्या हातगाडीने अर्धी पुसलेली. मला जे दिसलं ते दिलं. शिवाय स्वराने शिट्टीच्या आधी पाऊल टाकलं होतं, ते मी सोडून दिलं. २०१० पासूनच्या नियमाने तिथेच बाद केली असती. २०११ मध्ये डेगूच्या जागतिक स्पर्धेत दस्तुरखुद्द बोल्टला बाद केलं होतं.

पाटील वहिनी: सर, तिसरीतल्या मुलीला बोल्टचा नियम?

परब: मांडववाल्याचा विषय निघालाच आहे म्हणून. बांबू अजून कंपाउंडमध्ये पडून आहेत.

देसाई, सेक्रेटरी: परब साहेब, मांडववाला फोन उचलत नाही. त्याची सगळी माणसं नवरात्रीच्या मंडपांवर आहेत.

नेहा शहा: मग ते बांबू आम्हीच कमानीला वापरू का? गेटवर लायटिंगला हवेच आहेत.

परब: म्हणजे दसऱ्यापर्यंत बांबू इथेच.

सावंत: मुलांचं काय ते बोला आधी. भांडुपहून प्रियदर्शिनी पार्कच्या ट्रॅकवर पोराला न्यायचं म्हणजे दादरला गाडी बदला, पुढे बस, आणि परत यायला रात्र. रोज कोण नेणार? बीडच्या मांडव्यासारख्या गावातला अविनाश साबळे ३००० मीटर स्टीपलचेसमध्ये, म्हणजे अडथळ्यांच्या शर्यतीत, ८:०९.९१ पर्यंत गेला, आणि आमच्याकडे मुलाने पळायचं तर दोन गाड्यांमधून.

कुलकर्णी काकू: पळू दे की. पळण्याला मी कधी नाही म्हटलं? पळण्याने कुंडी फुटत नाही.

राणे सर: मी रोज सकाळी साडेसहा ते सव्वासात मुलांना घेईन. गाड्या बाहेर निघायच्या आत. सुरुवातीला फक्त रिले. बॅटन म्हणून लाटणं चालेल. बांबूला कोणी हात लावायचा नाही.

पाटील वहिनी: चाचणी झाल्यावर. आणि पंच दुसरं कोणीतरी.

राणे सर: ठीक आहे. पंच तुम्ही व्हा.

सावंत: उद्या साडेसहानंतर २०० मीटरची फायनल आहे. लायल्स जिंकला तर सलग चौथं विजेतेपद, बोल्टच्या बरोबरीला. सोसायटी ऑफिसच्या मोठ्या टीव्हीवर मुलांना दाखवू या का?

नेहा शहा: उद्या साडेसहाला ऑफिसात आमची गरब्याची प्रॅक्टिस आहे. स्पीकर तिथेच आहे.

सावंत: ताई, शर्यत वीस सेकंदांची असते.

नेहा शहा: आणि त्याचे रिप्ले अर्धा तास.

देसाई, सेक्रेटरी: वाद नको. ऑफिसच्या टीव्हीचं रिचार्ज जूनपासून संपलेलं आहे.

सावंत: देसाई साहेब, मेंटेनन्सच्या बिलात दर महिन्याला केबलचे पैसे लागतात. मग ते जातात कुठे?

परब: चांगला प्रश्न.