सुंदा सामुद्रधुनीच्या किनाऱ्यावर माणसांनी राहावं का?

नेरूळचा खलाशी:
परवा सीवूड्सच्या कट्ट्यावर एकजण म्हणाला, "भूकंप झाला की इशारा येतो, सुनामीची आता कसली भीती?" राहवलं नाही म्हणून लिहितोय. इंडोनेशियातल्या जावा-सुमात्रा बेटांमधली सुंदा सामुद्रधुनी मी जहाजातून कैकदा पार केली आहे. २२ डिसेंबर २०१८ च्या रात्री तिथे इशारा आलाच नाही, कारण लाट भूकंपाची नव्हती. अनाक क्रकाटाऊ, म्हणजे 'क्रकाटाऊचं पोर', या ज्वालामुखीची एक बाजूच समुद्रात घसरली. ३३८ मीटरचा डोंगर ११० मीटरवर आला. किनाऱ्यावर गाण्याचा कार्यक्रम रंगात होता. लाट स्टेजच्या मागून आली आणि स्टेजच लोकांच्या अंगावर ढकललं गेलं. ४०० हून जास्त माणसं गेली. १८८३ ला जुना क्रकाटाऊ फुटला तेव्हा इथेच ३६,००० हून जास्त गेली होती, बहुतेक लाटांनीच. माझं मत स्पष्ट आहे: वस्ती मागे हटवा.

दिवाळे कोळीवाडा:
दादा, "मागे हटा" हे ऐकतच आम्ही मोठे झालो. होडी किनाऱ्याला आणि घर डोंगरात, अशी मासेमारी होत नाही. भरती पहाटे तीनला असली तर माणूस तीनला पाण्यावर हवा. तिथले कोळीही असेच असणार. धोका आहे म्हणून त्यांनी पोट कुठे न्यायचं?

कोलशेत, ठाणे:
मीही खलाशीदादांच्या विरोधात. सामुद्रधुनीचा पूर्वेकडचा भाग काही ठिकाणी जेमतेम २० मीटर खोल आहे. एवढ्या उथळ पाण्यात लाट खोल समुद्रापेक्षा खूप हळू, ताशी ५० किलोमीटरच्या आसपास धावते. २०१८ लाही डोंगर घसरल्यापासून लाट पोचेपर्यंत साधारण अर्धा तास होता. ज्वालामुखीभोवतीच्या बेटांवर पाण्याची पातळी मोजणारी यंत्रं आणि गावात भोंगा असता, तर तो अर्धा तास हाती लागला असता. आणि हे फार लांबचं समजू नका. १९४५ ला पाकिस्तान-इराणच्या मकरान किनाऱ्यावरच्या भूकंपाची लाट मुंबईपर्यंत आली होती.

नेरूळचा खलाशी:
कोळ्यांचं म्हणणं पटलं, शब्द मागे घेतो. हॉटेलांबद्दल मात्र नाही. जुना क्रकाटाऊ १८८३ ला उडाला आणि १९२७ ला त्याच जागी पोर पाण्यातून वर आलं. ते वाढणार, पुन्हा घसरणार. अशा ठिकाणी पाण्याला चिकटून खोल्या बांधून पाहुण्यांना निजवायचं? त्यांना तर पळायची वाटही ठाऊक नसते.

दिवाळे कोळीवाडा:
हॉटेलांचं मान्य. पण कोलशेतवाले, भोंग्यावर सगळं सोडू नका. माझी आई ७८ वर्षांची आहे. आमच्या बोळात दोन माणसं समोरासमोर आली की एकाला भिंतीला टेकावं लागतं. रात्री भोंगा वाजला तर अर्ध्या तासात तिला उचलून कुठल्या वाटेने, कुठल्या उंचीवर न्यायचं? भोंग्याआधी ती वाट रुंद करा, तिथेही आणि इथेही.