रेल ट्रेलला आपल्याकडे काय म्हणायचं? पांदण, रुळवाट की नुसती लाईन?

वावर_वही
मंडळी, एका टिपणात अडकले आहे. आमच्या भागात बंद पडलेल्या नॅरोगेजच्या जागेवर चालण्याचा आणि सायकलचा सलग रस्ता, म्हणजे इंग्रजीतली 'रेल ट्रेल', व्हावा, अशी मागणी काही तरुण मुलं ग्रामपंचायतींपुढे ठेवणार आहेत. टिपण मुळात इंग्रजीत लिहिलं गेलं, मराठी करायचं काम माझ्याकडे आलं. त्यात अमेरिकेचं उदाहरण आहे. तिथे २०१९ साली 'ग्रेट अमेरिकन रेल-ट्रेल' जाहीर झाली, राजधानी वॉशिंग्टनपासून पार पश्चिमेच्या वॉशिंग्टन राज्यापर्यंत, सुमारे ३,७०० मैल. बंद लाईनींवर आधीच झालेल्या वाटांचे तुकडे सांधत सांधत ती पुरी करायची आहे.

मी लिहिलं, 'जुन्या रेल्वेमार्गांचे परस्परांशी जोडलेल्या सायकलमार्गांत व पदपथांत रूपांतर'. गावात वाचून दाखवलं तर दोन आक्षेप आले. सरपंच ताई म्हणाल्या, पदपथ म्हणजे शहरातला फुटपाथ, आमच्या बायांच्या डोळ्यापुढे काहीच येत नाही. आणि गँगमन म्हणून निवृत्त झालेले एक आजोबा माझ्या पहिल्याच शब्दावर अडले. 'जुनी कोनाले म्हनता, बाई? लाईन बंद हाये. जुनी नाही झाली.'

तर 'जुनी' काढून काय लिहू? आणि ट्रेलला काय?

शब्दवेल
'पाणंद' घ्या. दोन्ही बाजूंना शेतं किंवा कुंपण आणि मधून जाणारी वाट, इतका नेमका शब्द आपल्याकडे असताना ट्रेल कशाला? 'लोहपाणंद' असा समास सहज होतो. पहिल्यांदा जड वाटेल. महापौर, दिनांक हे सावरकरांचे शब्दही पहिल्यांदा जडच वाटले असतील, आज ते बोलताना कुणी अडखळत नाही. शासनसुद्धा पाणंदच म्हणतं, 'मातोश्री ग्रामसमृद्धी शेत/पाणंद रस्ते योजना' या नावातच तो शब्द आहे.

मोतीबाग
योजनेत पाणंद असन, आमच्या गावात पांदन हाये. अन भाऊ, पांदन कशाले म्हन्ते ते आधी पाहा. दोन वावराच्या धुऱ्यामंधून, म्हंजे बांधामंधून, जाते ते पांदन. बैलबंड्या जाऊन जाऊन ते खोल होते. आमची कायी जमीन, मिरगाचं पानी पडलं का पांदनीत गुडघ्याएवढा गारा, म्हंजे चिखल. बैल रुतते, पोराइची शाया बुडते.

लाईन तशी नाही. लाईन भरावावर हाये, पानी दोन्ही अंगानं उतरून जाते. म्हून पावसायात बाया निंदाले लाईनीनंच जाते. डोक्यावर डब्याची थैली, हातात चपला. रुयाखालच्या स्लीपराचं अंतर बाईच्या पावलात बसत नाही, एक पाय स्लीपरावर पडते अन दुसरा गिट्टीत. तरी त्याच वाटेनं जाते, कारन पांदनीत पायच टाकता येत नाही. आता या वाटेले तुमी पांदन म्हनाल तं लोकाइले गाराच आठवन. आमी एकच म्हन्तो, 'लाईनीनं ये'.

शब्दवेल
तुमचं निरीक्षण मोलाचं आहे, पण 'लाईन' शेवटी इंग्रजीच. शिवाय विजेची लाईन, रेशनची लाईन, पोलीस लाईन, सगळीकडे तोच शब्द. लेखी मागणीतला शब्द चंदगडपासून गोंदियापर्यंत एकाच अर्थाने कळायला हवा. बोलीचा मान बोलीत राहू द्या.

पळसधरा
बोलीचा मान फक्त बोलण्यापुरता का? ज्यांच्या गावातून ती जागा जाते त्यांच्याच ग्रामसभेत हे वाचलं जाणार आहे. चंदगडची ग्रामसभा त्यावर ठराव करणार नाही.

शब्दाबद्दल माझं मत सांगते. पांदण, पांधण, पाणंद, पांद ही सगळी एकाच घरची भावंडं आहेत, आणि मूळ 'पंथ'मध्ये असावं. आमचे आजोबा मात्र 'पाणी'वरूनच आला असं ठासून सांगत. पावसाळ्यात वावरातलं पाणी ज्या वाटेने नाल्याला जातं ती पाणंद. मोतीबाग यांनी वर सांगितलेलं खरं असेल तर आजोबांच्या बाजूने एक पुरावा वाढला.

पण मी वेगळाच शब्द सुचवते: रुळवाट. आपण 'रुळलेली वाट' म्हणतोच. रुळांची वाट आणि पायांनी रुळलेली वाट, दोन्ही अर्थ त्यात आपोआप येतात.

कोशचाळा
रुळवाट कानाला गोड आहे, पण रुळणे आणि रूळ यांचं नातं मला मान्य नाही. केस खांद्यावर रुळतात, माणूस नव्या गावात रुळतो, त्या क्रियापदात लोळणं, सरावणं आहे. आगगाडीचा रूळ मला इंग्रजी 'रूल'मधून आलेला वाटतो. शाळेत रेघा मारायचा लाकडी गोल रूळ होताच. म्हणजे शुद्ध मराठी म्हणून जो शब्द तुम्ही आणताय तोही बाहेरचाच निघायचा.

पळसधरा
मी शुद्ध म्हटलंच नव्हतं. बोलणाऱ्याच्या कानात दोन्ही रूळ शेजारी बसलेत, मला तेवढं पुरे आहे.

मुरूम_दबाई
मी रस्त्याच्या कामातला माणूस. नाव ठरवण्याआधी ती जागा कशी असते ते ध्यानात घ्या, कारण टिपणात पुढे तेही लिहावं लागेल.

आगगाडीला चढ झेपत नाही. पोलादी चाक पोलादी रुळावर, पकड कमी. त्यामुळे लाईन टाकताना शंभर मीटरला मीटरभर चढ म्हणजेही विचार करायची गोष्ट. वळणंही लांब पल्ल्याची घ्यावी लागतात. टेकाड आलं तर कापायचं, खोलगट आलं तर भराव टाकायचा. हे सगळं काम शंभर वर्षांपूर्वी होऊन पडलेलं आहे, आणि अशा भरावावरून म्हातारा माणूससुद्धा सायकल चालवू शकतो. मात्र गिट्टीवर सायकल चालत नाही, चाक घसरतं. वरची गिट्टी काढून मुरूम टाकायचा, पाणी मारायचं, रोलर फिरवायचा. अमेरिकेत मिसुरी राज्यातल्या केटी ट्रेलवर चुनखडीचा बारीक चुरा असाच दाबून बसवलाय.

आता शब्दाकडे. 'पांदण' लिहू नका असं माझंही म्हणणं, कारण वेगळं आहे. पांदण म्हटली की माणसाच्या डोक्यात गावनकाशावरची तुटक रेष येते. वहिवाटीचा रस्ता कुणी अडवला तर मामलेदार न्यायालय अधिनियम, १९०६, कलम ५ खाली तहसीलदारांकडे जाता येतं. धुऱ्यावरून नवा रस्ता हवा असेल तर जमीन महसूल संहिता, १९६६, कलम १४३. लाईनीची जागा या दोन्हींत बसत नाही. शकुंतलेचंच बघा, यवतमाळ–अचलपूरकडची ती बंद पडलेली छोटी गाडी. लाईन किलिक निक्सन या खासगी कंपनीच्या सेंट्रल प्रॉव्हिन्सेस रेल्वे कंपनीची आणि गाडी चालवणार सरकारी रेल्वे, असा तो संसार होता. तिथे पांदण म्हणून अर्ज केलात तर अर्ज भलत्याच टेबलावर जाईल.

दूरदेशी_दर्यापूर
केटीचा विषय निघाला म्हणून लिहितो, त्या वाटेवर मी सायकल चालवली आहे. मिसुरी–कॅन्सस–टेक्सास कंपनीची ती लाईन. आद्याक्षरांतल्या के-टीवरून लोक तिला आधीपासून 'केटी' म्हणत. १९८६ च्या पुरानंतर लाईन बंद झाली, १९९० मध्ये वाटेचा पहिला तुकडा खुला झाला, आज ती २४० मैलांच्या आसपास आहे. गाडी गेली तरी नाव तेच राहिलं. शब्द घडवायला कुणी बसलं नाही.

स्पेनचंही सांगतो. तिथे १९९३ पासून बंद लाईनींच्या वाटा करतात आणि त्यांना 'हिरव्या व्हिया' म्हणतात. व्हिया म्हणजे वाट, आणि आगगाडीची लाईनही. मोतीबाग यांचं 'लाईनीनं ये' अगदी तसंच आहे.

आपल्याकडे तर नाव केव्हाचं तयार आहे, शकुंतला. मूर्तिजापूर–यवतमाळ आणि मूर्तिजापूर–अचलपूर मिळून १९० किलोमीटरच्या आसपास. 'शकुंतलेची वाट' म्हणा, दर्यापूरच्या कुठल्याही पोराला कळेल.

लाडखेड_फाटक
शकुंतलेची वाट म्हणायला माझा विरोध आहे, आणि मी मनापासून सांगतो आहे. १९२१ मध्ये मँचेस्टरला बनलेलं तिचं वाफेचं इंजिन १५ एप्रिल १९९४ पर्यंत चाललं. मग डिझेल आलं, मग गाडीच थांबली. लोकांनी निवेदनं दिली, धरणं धरली. २०१६ मध्ये रेल्वेमंत्री सुरेश प्रभूंनी रुंदीकरणासाठी १,५०० कोटी जाहीर केले तेव्हा इकडे पेढे वाटले गेले. आम्ही मोठी लाईन मागतो आहोत. एसटीचं तिकीट ज्याला परवडत नाही तो मजूर या गाडीने जायचा. त्याला सायकलची वाट दिली म्हणजे गाडी दिली असं होत नाही. एकदा तिथे बाकडी बसली, झाडं लागली, की गाडी मागणाऱ्याला म्हणतील, आता कशाला? त्या गँगमन आजोबांनी 'जुनी' शब्दाला अडवलं ते याचसाठी.

वावर_वही
लाडखेड दादा, हीच भीती ग्रामसभेत निघणार हे मला दिसतंय. टिपणात यावर एक परिच्छेद आहे, तो मी शेवटी करायचा म्हणून ठेवला होता. अमेरिकेत १९८३ मध्ये कायद्यात दुरुस्ती झाली. लाईन बंद झाली तरी जागेचे तुकडे पडू द्यायचे नाहीत, पट्टा अखंड ठेवायचा, तोवर लोकांनी चालावं, सायकल चालवावी, आणि उद्या गाडी परत आणायची झाली तर जागा तयार. त्या व्यवस्थेला ते 'रेल बँकिंग' म्हणतात. 'लोहमार्ग अधिकोषण' लिहायला माझा हात धजत नाही.

शब्दवेल
'राखीव लोहमार्ग'. स्वच्छ, सोपं.

मुरूम_दबाई
राखीव म्हटलं की इकडे जंगल आठवतं. राखीव वन म्हणजे आत जाऊ नका. नेमका उलटा अर्थ होईल.

मोतीबाग
पडीत म्हना ना! वावर पडीत टाकलं म्हंजे वावर मेलं काय? एक साल पेरलं नाही, ढोरं चरली, लोकं आडवी-तिडवी गेली, जमिनीनं ताकद धरली. पुढच्या साली नांगर घातला का तेच वावर. धुरा तेवढा मोडू द्याचा नाही, नाहीतं शेजारी नांगराचे दोन तास आत येते. लाईनीचंही तेच हाये. लाईन पडीत हाये, मोडीत नाही. लोकं चालन तं शेजारचा अतिक्रमन करनार नाही, अन गाडी येईन तवा जागा साबूत राहीन. लाडखेडवाले भाऊ, तुमाले गाडी पाहिजे, मलेही पाहिजे. पन आता तिथं वेडी बाभूय माजली हाये, कुठं कुठं तुऱ्हाटीचे ढीग हाये. हे असंच राहिलं तं गाडीलेही जागा राहनार नाही.

लाडखेड_फाटक
'पडीत लाईन' चालेल मला. पण मग ते टिपणाच्या पहिल्या ओळीत हवं, शेवटच्या परिच्छेदात नको.

शब्दवेल
'पडीक' असं लिहा निदान. प्रमाण रूप पडीक आहे. आणि आमच्या बाजूला पडीक जमीन म्हणजे टाकून दिलेली, कसायला नालायक. तुम्ही म्हणता त्याच्या विरुद्धच.

मोतीबाग
तेच तं सांगून राहिलो काका, पडीक येगळं अन पडीत येगळं.

सातबारा_साहेब
तलाठी म्हणून नोकरी केली आहे, म्हणून बोलतो. महसुली कागदात 'चालू पड' आणि 'कायम पड' असे दोन शब्द आहेत. चालू पड म्हणजे यंदा पेरलेली नाही, कायम पड म्हणजे वर्षानुवर्षं तशीच. मोतीबाग यांचं पडीत चालू पडीकडे झुकतं, शब्दवेल यांचं पडीक कायम पडीकडे. टिपणात 'चालू पड लोहमार्ग' लिहा असं मी म्हणणार नाही, पण फरक दाखवायला कागदातला आधार आहे. लाडखेड यांचं भांडणही खरं तर याच दोन शब्दांतलं आहे.

अकोट_मीटरगेज
सगळ्या लाईनींना एकच शब्द लावू नका. अकोला–खंडवा मीटरगेज मेळघाटातून जायची. धुळघाटला लाईन वळसा घेत स्वतःलाच ओलांडून वर चढायची, खिडकीतून खालचे रूळ दिसायचे. आता मोठी लाईन व्याघ्र प्रकल्पाच्या बाहेरून न्यायचं ठरलं आहे. जंगलातली ती लाईन गाडीच्या दृष्टीने खरोखर जुनी झाली, आणि तिथे सायकलवाटही नको, ती जागा जनावरांना सुटू द्या. उलट नागपूर–नागभीडची छोटी लाईन २०१९ मध्ये बंद केली ती रुंदीकरणासाठी. ती ना जुनी ना पडीत. ताई, तुमचं टिपण कोणत्या लाईनीबद्दल आहे, तेवढंच लिहा. 'रेल्वेमार्गांचे' असं अनेकवचन केलंत की नागपूरचाही माणूस भांडायला येईल आणि मेळघाटचाही.

वावर_वही
अनेकवचन काढते. पहिलं वाक्य सध्या असं झालंय: 'आपल्या गावातून जाणारी लाईन पडीत आहे, गाडी परत येईपर्यंत तिच्यावरून पायी आणि सायकलने या गावाहून त्या गावाला जाता यावं.' ट्रेलला शब्द अजून नाहीच. पुढची अडचण: 'वाटेतल्या वाहून गेलेल्या मोऱ्या बांधणे'. सरपंच ताई विचारतात, मोऱ्या कशाच्या, न्हाणीच्या?

मुरूम_दबाई
आमच्या अंदाजपत्रकात मोरीच असते. नळ्याची मोरी, स्लॅबची मोरी.

पळसधरा
गावात पुलिया म्हणतात. हिंदीतून आला असेल, पण दुसरा शब्द मी तरी ऐकलेला नाही.

अकोट_मीटरगेज
रपटा म्हणतात की.

मोतीबाग
नाही ताई, रपटा येगळा. पुलियाच्या खालून पानी जाते, रपट्याच्या वरून. लाईनीवर रपटा असूच शकत नाही. टिपनात रपटा लिवलं अन इंजिनिअरनं तसाच बांधला, तं पूर आला का बाया या अंगाले अन वावर त्या अंगाले. पुलियाच लिवा.

शब्दवेल
ज्याच्यावरून पाणी जातं त्याला आम्ही फरशी म्हणतो, फरशी पूल. 'रपटा' हा हिंदी रपटना, म्हणजे घसरणे, यातून आला असणार. शेवाळलेल्या फरशीवरून गेलेल्याला पटेल.

कोशचाळा
रपटना वरून रपटा पटत नाही. 'रपेट'शी ताडून पाहिलंत का?